पडसाद कुठे तुटतात? गिटारच्या रॅकमधल्या डिले ट्रेल्सचा आढावा

सोलो संपत आलेला असतो. गिटारवादक शेवटचा स्वर लांबवतो, पायाखालचा स्विच दाबतो आणि पुढच्या कडव्यासाठी साध्या, स्वच्छ आवाजावर येतो. शेवटच्या स्वराचे पडसाद अजून चालू असतात. ते आपल्या चालीने विरावेत आणि नवा आवाज त्यांच्याखाली सुरू व्हावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. प्रत्यक्षात पुष्कळदा स्विच दाबताक्षणी पडसाद जागच्या जागी तुटतात. विरत जाणाऱ्या या पडसादांना गिटारवादक ‘ट्रेल्स’ म्हणतात. आवाज बदलताना ते टिकवायचे कसे, हा प्रश्न पेडल बनवणारे, रॅक बांधणारे आणि वाजवणारे गेली चाळीस वर्षं सोडवत आले आहेत.

प्रश्न किरकोळ वाटेल, पण हिशेब मांडला की त्याचं वजन कळतं. पडसाद देणारं यंत्र, म्हणजे डिले, ५०० मिलिसेकंदांवर लावलं आणि प्रत्येक पडसाद आधीच्याच्या निम्म्या ताकदीचा ठेवला, तर दर पडसादाला आवाज ६ डेसिबलने उतरतो. तो ६० डेसिबल खाली, म्हणजे जवळपास ऐकू न येण्याइतका उतरायला दहा पडसाद लागतात. म्हणजे ५ सेकंद. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एवढ्या वेळात दहा ठोके, चार ठोक्यांच्या मोजणीने अडीच बार होतात. गाण्यातली एवढी जागा एकदम रिकामी झाली, तर श्रोत्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी निसटल्याचं त्याला जाणवतं.

स्विच नेमका कुठे बसतो

कोणत्याही डिलेच्या पोटात तीन गोष्टी असतात. येणारा आवाज थोडा वेळ धरून ठेवणारी स्मृती. त्या स्मृतीतून निघालेला आवाज जरा कमी करून पुन्हा आत पाठवणारी फीडबॅकची वाट. आणि मूळ आवाजात पडसाद मिसळणारा मिक्सर. मूळ आवाजाला ‘ड्राय’ आणि पडसादांना ‘वेट’ म्हणतात. स्मृती चुंबकीय फितीची असो, कंडेन्सरांच्या साखळीची असो की संगणकाच्या रॅमची, ही मांडणी तीच राहते.

गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा व्हॉल्व्ह बंद केला, तरी साठलेलं पाणी खालच्या नळांना येत राहतं. खाली उतरणारा व्हॉल्व्ह बंद केला, तर टाकी भरलेली असूनही नळ कोरडे पडतात. डिलेचंही असंच आहे. स्विच स्मृतीच्या आधी बसवला, तर नवा आवाज आत जाणं थांबतं, पण आत फिरत असलेले पडसाद बाहेर येत राहतात. स्विच स्मृतीच्या नंतर बसवला, तर ते तुटतात. ट्रेल्सचा सगळा वाद शेवटी या एका जागेपाशी येऊन ठेपतो.

ट्रू बायपास पेडलचं झाकण उघडून पायाच्या स्विचची मागची बाजू पाहिली, की तीन-तीनच्या तीन रांगांत नऊ पिना दिसतात. सर्वसाधारण जोडणीत एक रांग इनपुट फिरवते, दुसरी आउटपुट आणि तिसरी दिवा. स्विच दाबला की तिन्ही रांगा एकदमच पलटतात. गिटारचा आवाज पेडलच्या सर्किटला बगल देऊन तारेवरून सरळ पुढे जातो आणि सर्किट दोन्ही बाजूंनी सुटं होतं. आवाजाची वाट निर्भेळ राहावी म्हणून केलेली ही रचना पडसादांच्या मात्र मुळावर येते. तिचा आणखी एक परिणाम होतो. सुट्या पडलेल्या सर्किटच्या आत फीडबॅक चालूच असतो. वादकाने दोन-तीन सेकंदांत पेडल पुन्हा चालू केलं, तर आधीच्या ओळीचे उरलेसुरले पडसाद नव्या ओळीत अवचित ऐकू येतात.

फितीपासून चिपपर्यंत

पडसादांचा इतिहास स्टुडिओत सुरू होतो आणि तिथे ट्रेल्सचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. १९५० च्या दशकात मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स दोन अॅम्पेक्स टेप रेकॉर्डर वापरून गाण्याला छोटा, ठसठशीत पडसाद देत. इलिनॉयच्या रे बट्स यांनी फितीचा इको थेट अॅम्प्लिफायरच्या पेटीत बसवला. त्यांचा इकोसॉनिक एल्विस प्रेस्लीचे गिटारवादक स्कॉटी मूर यांच्या हातात गेला. पुढे अमेरिकेत इकोप्लेक्स, इंग्लंडमध्ये वॅटकिन्सचं कॉपीकॅट आणि इटलीत चुंबकीय चकतीवर चालणारं बिन्सन इकोरेक आलं. रोलंडचं आरई-२०१ स्पेस इको १९७४ मध्ये बाजारात आलं.

स्टुडिओच्या मिक्सरवर इको ‘सेंड’च्या वाटेने जोडलेला असतो. मूळ आवाज आपल्या मार्गाने जातो, त्याचा थोडा भाग सेंडच्या बटणातून इकोकडे वळतो आणि परतलेले पडसाद शेवटी मिसळतात. सेंड बंद केला, की इकोला नवं काही मिळत नाही आणि आतलं मात्र विरत राहतं. जमैकाच्या डब संगीताने याच रचनेला वाद्याचा दर्जा दिला. किंग्स्टनमध्ये किंग टबी आणि ब्लॅक आर्क स्टुडिओत ली ‘स्क्रॅच’ पेरी एखादा शब्द किंवा स्नेअरचा एकच ठोका इकोकडे फेकत आणि सेंड लगेच मिटत. तेवढा एक ठोका पुढचे कित्येक बार घुमत राही.

मंचावर गिटारवादकाकडे मिक्सर नव्हता. गिटार, मग एकामागोमाग एक उपकरणं आणि शेवटी अॅम्प्लिफायर, अशी सरळ साखळी होती. १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी बकेट ब्रिगेड पद्धतीची कल्पना मांडली. आवाजाचे नमुने कंडेन्सरांच्या साखळीतून हातोहात पुढे सरकवायचे, अशी ती रचना. मात्सुशिताच्या एमएन३००५ या चिपमध्ये अशा ४,०९६ पायऱ्या होत्या. अशा चिपांमुळे फितीची अवजड पेटी पायाखालच्या पेडलमध्ये मावली. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं मेमरी मॅन आणि बॉसचं डीएम-२ ही या घराण्यातली नावं. १९८३ च्या अखेरीस बॉसने डीडी-२ हे कॉम्पॅक्ट डिजिटल डिले पेडल आणलं. त्याची चिप रोलंडच्या एसडीई-३००० या रॅकमधल्या डिलेसाठी तयार झाली होती.

पेडल झालं, तसा डिले चालू-बंद करायच्या स्विचखाली आला. डिस्टॉर्शनच्या पेडलला लागू पडणारी स्विचची जोडणी डिलेलाही लावली गेली. डिस्टॉर्शनला स्मृती नसते, त्यामुळे ते कुठेही तोडलं तरी मागे काही उरत नाही. डिलेमध्ये उरतं. स्टुडिओत विनासायास मिळणारी गोष्ट इथे गमावली गेली आणि नंतरचे बहुतेक उपाय हे पेडलच्या साखळीत सेंडची ती वाट परत आणण्याचे प्रयत्न आहेत.

रॅक आणि लूप

१९८० च्या दशकात गिटारवादकांचा संसार रॅकमध्ये हलला. कॉर्गचं एसडीडी-३०००, लेक्सिकॉनचं पीसीएम ४२ आणि १९८५ चं टीसी इलेक्ट्रॉनिकचं २२९० ही स्टुडिओच्या दर्जाची डिले यंत्रं मंचामागे उभी राहिली. यू-टूचे दि एज यांनी आपली शैलीच डिलेच्या लयीवर उभारली. टीसी २२९० मध्ये बाहेरची पेडल जोडण्यासाठी पाच लूप होते. म्हणजे डिलेचं यंत्रच पेडल फिरवणारं नियंत्रकही होतं.

याच काळात लॉस एंजेलिसमध्ये बॉब ब्रॅडशॉ यांनी कस्टम ऑडिओ इलेक्ट्रॉनिक्सच्या नावाने गिटारवादकांसाठी स्विचिंगच्या यंत्रणा बांधायला सुरुवात केली. पेडल रॅकच्या खणात ठेवायची, प्रत्येकाला स्वतंत्र लूप द्यायचा आणि वादकाच्या पायाशी फक्त नियंत्रक ठेवायचा. एका बटणात तीन पेडल बंद, दोन चालू आणि अॅम्पचं चॅनेल बदललेलं. यंत्रांना एकमेकांना आज्ञा देऊ देणाऱ्या १९८३ च्या मिडी प्रमाणकामुळे रॅकमधल्या यंत्रांचे प्रीसेटही (साठवून ठेवलेल्या मांडण्या) त्याच बटणाला जोडता आले. स्टीव्ह लुकाथर आणि मायकल लँडाऊ यांच्यासारखे स्टुडिओ वादक या यंत्रणांचे पहिल्या फळीतले वापरकर्ते.

सोय वाढली, तशी ट्रेल्सची अडचणही वाढली. आधी फक्त डिलेचा स्विच दाबल्यावर पडसाद तुटत. आता एका बटणावर सगळी मांडणीच बदलू लागली आणि प्रत्येक बदलात पडसाद तुटण्याची शक्यता आली. लूपचा रिले, म्हणजे त्यातला विजेने चालणारा स्विच, पेडलला दोन्ही बाजूंनी सोडवतो. पेडल कितीही चांगलं असलं, तरी रिलेपुढे त्याचं काही चालत नाही.

पहिली भूमिका: पेडलनेच सांभाळावं

एका मताप्रमाणे ही जबाबदारी पेडलचीच आहे. मूळ आवाज बफरमधून, म्हणजे सिग्नल कमजोर होऊ न देणाऱ्या छोट्या सर्किटमधून, कायम पुढे जाऊ द्यावा आणि स्विचने फक्त स्मृतीकडे जाणारी वाट बंद करावी. बॉसच्या २०१९ च्या डीडी-८ वर यासाठी ‘कॅरीओव्हर’ नावाचा छोटा खटकाच आहे. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या फ्लॅशबॅकमध्ये झाकणाच्या आतले सूक्ष्म स्विच सरकवून ट्रू बायपास किंवा बफर यांतून निवड करता येते. स्ट्रायमनच्या एल कॅपिस्टनसारख्या पेडलमध्येही वादक दोन्हींपैकी एक पद्धत ठरवू शकतो.

या बाजूने सांगितलं जातं, की उपाय सोपा आहे, वेगळं यंत्र लागत नाही आणि लांब केबलच्या रॅकमध्ये बफर असणं फायद्याचंच असतं. गिटारच्या पिकअपचा इम्पिडन्स मोठा असतो आणि लांब केबलच्या कपॅसिटन्समुळे आवाजातली धार बोथट होते. बफर ते टाळतो. डेव्हिड गिलमोर यांच्यासाठी बोर्ड बांधणारे इंग्लंडचे पीट कॉर्निश यांनी ट्रू बायपासच्या विरोधात आणि बफरच्या बाजूने जाहीरपणे मांडणी केली आहे.

विरुद्ध बाजूचा आक्षेपही नीट ऐकण्यासारखा आहे. प्रत्येक बफर आवाजाला थोडाफार रंग देतो आणि असे सहा-सात एकापाठोपाठ आले, तर तो रंग साचत जातो. काही जुन्या फझ पेडलना थेट गिटारचा इम्पिडन्स लागतो. त्यांच्या आधी बफर आला, की त्यांचा स्वभाव बदलतो. दुसरीकडे इकोप्लेक्सच्या ईपी-३ चा प्रीअॅम्प आवाजाला देतो तो रंगच अनेकांना इतका आवडला, की इको नको असतानाही ते यंत्र साखळीत ठेवलं गेलं. रंग हा दोष की गुण, याचा निवाडा कानावरच सोडावा लागतो.

रॅकच्या संदर्भात या मार्गाची एक अट आहे. ट्रेल्स असलेलं पेडल स्विचरच्या साध्या लूपमध्ये ठेवून लूपच बंद केला, तर पेडलमधली सोय वाया जाते. लूप चालूच ठेवून पेडलला मिडीने किंवा त्याच्या कंट्रोल जॅकमधून आज्ञा द्यावी लागते.

दुसरी भूमिका: स्विचरने सांभाळावं

ज्यांच्याकडे जुनी अॅनालॉग किंवा ट्रू बायपास पेडल आहेत, त्यांना पहिला मार्ग बंद आहे. एमएक्सआरचं कार्बन कॉपी हे ट्रू बायपास अॅनालॉग डिले त्याचं ओळखीचं उदाहरण. अशांसाठी स्विचरमध्येच खास लूप असावा, असं दुसरं मत सांगतं. हा लूप चालू असताना आवाज पेडलमधून जातो. बंद केला की आवाज पेडलला वळसा घालून पुढे जातो, पेडलचं इनपुट तुटतं, पण आउटपुट मिसळलेलंच राहतं. आत उरलेले पडसाद आपल्या वेळेने विरतात. बॉसच्या ईएस-८ सारख्या स्विचरमध्ये कॅरीओव्हरची अशी सोय आहे.

फायदा असा, की पेडलमध्ये काही फेरफार न करता ट्रेल्स मिळतात. किंमत दोन प्रकारची. आउटपुट कायम जोडलेलं असल्याने त्या पेडलची खरखर बायपासमध्येही साखळीत राहते. बकेट ब्रिगेडच्या पेडलमध्ये ही बाब विशेष जाणवते. शिवाय दोन आवाज मिसळण्यासाठी चालू सर्किट लागतं, त्यामुळे तेवढ्या भागात ‘फक्त तार’ हा ट्रू बायपासचा दावा उरत नाही.

जागेचा मुद्दा इथेच निघतो. डिलेच्या पुढे डिस्टॉर्शन असेल, तर विरणारे पडसाद नव्या मांडणीतल्या डिस्टॉर्शनमधून जातात आणि त्यांचा पोत मध्येच बदलतो. अॅम्पच्या पुढच्या जॅकला डिले जोडला असेल, तर चॅनेल बदलताच पडसादांचाही आवाज बदलतो. म्हणून ट्रेल्स जपणारे बहुतेक वादक डिले अॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये, प्रीअॅम्पच्या नंतर ठेवतात. मग सोलोचे पडसाद सोलोच्याच पोताचे राहतात.

तिसरी भूमिका: मूळ आवाज वेगळाच ठेवावा

तिसरा विचार साखळीच मोडतो. मूळ आवाज डिलेमधून न्यायचाच नाही. त्याची एक प्रत डिलेकडे पाठवायची आणि परत आलेले निव्वळ पडसाद लाइन मिक्सरवर मूळ आवाजात मिसळायचे. स्टुडिओतला सेंड इथे जसाच्या तसा रॅकमध्ये उतरतो. ब्रॅडशॉ यांच्या रॅकमध्ये अशा मिक्सरना महत्त्वाची जागा होती. याचंच विस्तारित रूप म्हणजे वेट-ड्राय-वेट मांडणी: मधल्या कॅबिनेटमधून मूळ आवाज आणि दोन्ही बाजूंच्या कॅबिनेटमधून फक्त पडसाद. एडी व्हॅन हॅलन यांच्या मंचामुळे ही मांडणी सर्वतोमुखी झाली. त्याआधी क्वीनच्या ब्रायन मे यांनी इकोप्लेक्समधून निघणारे उशिराचे आवाज वेगळ्या अॅम्पना देऊन ते एकमेकांत मिसळू दिले नव्हते.

हा मार्ग संगीताच्या दृष्टीने सर्वांत मोकळा. ट्रेल्स हवे असतील तर सेंड बंद करायचा, नको असतील तर रिटर्न. दोन-तीन डिले शेजारी-शेजारी ठेवून एकाचे पडसाद विरत असताना दुसरा सुरू करता येतो आणि दोघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

पण इथे शिस्त लागते. पहिली गोष्ट, पेडलमधून मूळ आवाज पूर्ण बंद करता आला पाहिजे. या सोयीला ‘किल ड्राय’ म्हणतात आणि ती सगळ्या पेडलवर नसते. मूळ आवाजाची दुसरी प्रत मिक्सरवर आली, तर सारख्या ताकदीला आवाज ६ डेसिबलपर्यंत वाढतो. डिजिटल पेडलमध्ये परिस्थिती आणखी बिघडते, कारण आवाजाचे आकडे करून पुन्हा आवाज करण्यात मिलिसेकंदभर वेळ जाऊ शकतो. बरोबर १ मिलिसेकंद उशिराची सारख्याच ताकदीची प्रत मूळ आवाजात मिसळली, तर ५०० हर्ट्झवर, मग १,५००, २,५०० असे खड्डे पडत जातात आणि गिटार नळीतून आल्यासारखी पोकळ वाटते. त्याशिवाय एकाच आवाजाच्या दोन वाटा झाल्या, की ग्राउंड लूपची गुणगुण सुरू होण्याचा धोका असतो. मग ट्रान्सफॉर्मर लावून वाटा विजेच्या दृष्टीने वेगळ्या कराव्या लागतात. वजन, खर्च आणि जोडण्या वाढतात.

चौथी भूमिका: सगळं एकाच पेटीत

गेल्या वीसेक वर्षांत अॅम्प, पेडल आणि मिक्सर असं सगळं एका डिजिटल यंत्रात आणणारी पिढी आली. फ्रॅक्टलच्या अॅक्स-एफएक्समध्ये डिलेचा ब्लॉक बंद करताना काय तोडायचं, हे मेनूतून ठरवता येतं. ‘म्यूट एफएक्स इन’ निवडलं तर स्मृतीकडे जाणारी वाट मिटते आणि ट्रेल्स उरतात. ‘म्यूट एफएक्स आउट’ निवडलं तर बाहेर येणारी वाट मिटते आणि ट्रेल्स तुटतात. स्विच कुठे बसवायचा हा प्रश्न इथे सोल्डरिंगच्या टेबलावरून पडद्यावर आला आहे.

एकाच प्रीसेटच्या आत तर प्रश्न सुटल्यात जमा आहे. लाइन सिक्सच्या २०१५ च्या हेलिक्समध्ये ब्लॉकनिहाय ट्रेल्सची निवड आहे. ‘स्नॅपशॉट’ बदलले तरी ब्लॉक तेच राहतात, फक्त त्यांच्या खुंट्या फिरतात, त्यामुळे पडसाद अखंड राहतात. कडव्याला एक, ध्रुवपदाला दुसरा आणि सोलोला तिसरा स्नॅपशॉट लावून अख्खं गाणं एका प्रीसेटमध्ये वाजवणं हा आज रुळलेला मार्ग आहे.

प्रीसेट बदलला, की गणित अवघड होतं. जुन्या प्रीसेटचा डिले विरेपर्यंत चालू ठेवायचा आणि त्याच वेळी नवा प्रीसेट पूर्ण उभा करायचा, तर प्रक्रियेची ताकद जवळपास दुप्पट लागते. हेलिक्समध्ये प्रीसेटच्या पातळीवर ‘स्पिलओव्हर’, म्हणजे प्रीसेट बदलतानाही पडसाद टिकवण्याची सोय, चालू केली, तर दुसरी सिग्नलवाट वापरता येत नाही. अॅक्स-एफएक्समध्ये दोन्ही प्रीसेटमध्ये डिलेचा तोच ब्लॉक असावा लागतो. इव्हेंटाइडच्या २०२२ च्या एच९० सारख्या यंत्रांनी वाढलेल्या ताकदीवर प्रोग्राम बदलतानाही पडसाद टिकवून दाखवले आहेत. या मार्गाला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं तंत्रावर नाही. ज्या जुन्या यंत्राच्या नादासाठी रॅक बांधला, ते यंत्रच या पेटीत नसतं, हा त्यांचा मुद्दा आहे.

पाचवी भूमिका: तोडणंही संगीतच

ट्रेल्स टिकवणं नेहमीच योग्य, असं सगळे मानत नाहीत. बँड एका ठोक्यावर थांबतो तेव्हा गिटारचे पडसाद रेंगाळत राहिले, तर त्या थांबण्यातला जोर जातो. पुढच्या भागात सुरावट बदलत असेल, तर जुन्या स्वरांचे पडसाद नव्या कॉर्डशी भांडतात. दि एज यांच्यासारख्या डिलेच्या लयीवर चालणाऱ्या वादनात जुन्या गतीचे पडसाद नव्या गतीत राहिले, तर ठेका डळमळतो. या मताचे वादक तुटणारे पडसाद जाणीवपूर्वक वापरतात.

स्विचच टाळणारेही आहेत. काही जण डिले कायम चालू ठेवून त्याच्या आधी व्हॉल्यूम पेडल लावतात. पेडल मिटलं की डिलेला नवा आवाज मिळत नाही, पण आतले पडसाद चालू राहतात. टीसी २२९० ने लोकप्रिय केलेलं ‘डकिंग’ हा आणखी एक पर्याय: वादक वाजवत असताना पडसाद आपोआप दबतात आणि तो थांबला की वर येतात. दोन्हींत मूळ प्रश्नाला बगल मिळते, पण एका आवाजावरून संपूर्ण वेगळ्या आवाजावर जायचं असेल तर ती पुरेशी पडत नाही.

न सुटलेलं

सर्वांत कठीण गाठ वेळ बदलण्याची. पहिला आवाज ५०० मिलिसेकंदांचा आणि दुसरा ३७५ चा असेल, तर जुने पडसाद कोणत्या वेळेने विरावेत? एकच स्मृती असेल, तर दोन्ही वेळा तिला एकदम सांभाळता येत नाहीत. फितीच्या आणि बकेट ब्रिगेडच्या यंत्रात वेळ बदलली, की आतल्या पडसादांचा स्वर वर किंवा खाली घसरतो. कित्येक डिजिटल यंत्रं अशा वेळी क्षणभर गप्प बसतात. दोन स्वतंत्र स्मृती हा खरा उपाय. रॅकमध्ये त्याचा अर्थ दोन यंत्रं, डिजिटल पेटीत दुप्पट ताकद.

दुसरी गाठ वेगवेगळ्या बनावटीच्या यंत्रांमधल्या ताळमेळाची. मिडीने प्रोग्राम बदलण्याची आज्ञा दोन बाइटची असते आणि पोचायला १ मिलिसेकंदही लागत नाही. वेळ जातो तो यंत्राने नवा प्रीसेट उभा करण्यात, आणि तो प्रत्येक यंत्राचा वेगळा. तेवढ्या अवधीत लूपचा रिले आधी पलटला, तर ट्रेल्सची सोय असूनही खाच ऐकू येते. हा क्रम ठरवणारं कोणतंही सामाईक प्रमाणक नाही. आज्ञांमध्ये किंचित अंतर ठेवून, पुन्हा पुन्हा ऐकून तो रॅकगणिक जमवावा लागतो.

तिसरी अडचण माहितीची. एक कंपनी कॅरीओव्हर लिहिते, दुसरी ट्रेल्स, तिसरी स्पिलओव्हर, चौथी पर्सिस्ट. पडसाद बायपासमध्ये टिकतात, प्रीसेट बदलताना टिकतात की वेळ बदलतानाही टिकतात, हे या शब्दांवरून कळत नाही. खरेदीदाराला मॅन्युअल उघडून पाहावं लागतं किंवा दुकानात वाजवून.

स्टिरिओचा प्रश्नही अर्धवट आहे. ट्रेल्स सांभाळणारे लूप आणि छोटे मिक्सर स्टिरिओत घेतले, की जोडण्या आणि खर्च दोन्ही दुप्पट होतात. डावी-उजवीकडे उड्या मारणारे पडसाद अखंड टिकवणं अॅनालॉग रॅकमध्ये आजही खर्चिक काम आहे.

आजची स्थिती

चाळीस वर्षांच्या या प्रवासात एक गोष्ट निश्चित झाली आहे. पडसाद टिकवायचे तर स्विच स्मृतीच्या आधी हवा आणि स्मृतीनंतरची वाट उघडी हवी. पेडलमधला बफर, स्विचरचा खास लूप, समांतर मिक्सर आणि मेनूतला पर्याय ही एकाच तत्त्वाची चार रूपं आहेत. त्यांतलं कुठलंही सरसकट श्रेष्ठ ठरत नाही. एक-दोन डिले आणि साधा बोर्ड असेल, तर पेडलमधली सोय पुरते. जुन्या अॅनालॉग पेडलचा नाद जपायचा असेल, तर स्विचरचा लूप बरा. मूळ आवाजाला अजिबात धक्का नको असेल आणि दोन डिले एकमेकांवर विरायला हवे असतील, तर समांतर मिक्सरला तोड नाही. दर गाण्यात पाच-सहा आवाज बदलणाऱ्याला एकाच पेटीतले स्नॅपशॉट सर्वांत निर्धोक.

रॅक बांधायला घेणाऱ्याने खरेदीआधी तीन गोष्टी तपासाव्यात: डिलेला किल ड्राय आहे का, तो साखळीत डिस्टॉर्शनच्या आणि प्रीअॅम्पच्या नंतर बसतो का, आणि त्याला लूप न तोडता बाहेरून बंद करता येतं का. मग डिले ५०० मिलिसेकंदांवर ठेवावा, एक स्वर छेडावा, आवाज बदलावा आणि पुढचे पाच सेकंद काही न वाजवता ऐकावं. खाच, टिचकी, खरखर किंवा घसरलेला स्वर, जे काही असेल ते तेवढ्या वेळात कळतं.